सदोष बियाणे आणि ग्राहक हक्क

सदोष वस्तू दुकानदाराला परत करता येते. पेरलेले बियाणे परत करता येत नाही. त्यामुळे वाशिमसारख्या सोयाबीनप्रधान जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा ठरतो. इ.स. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शेतकरी हा ग्राहकच असून तपासणीसाठी त्याने बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही ती दाखल करता येते. पावती, पिशवीवरील लेबल आणि कृषी विभागाचा पंचनामा हे यातील प्रमुख पुरावे होत.