उसनीं पात्रें आणि स्वतंत्र कथा



एखादी कथा मनांत असें घर करून बसते, कीं ती संपल्यावरहि तिच्यांतील माणसें आपल्याला सोडीत नाहींत. पुढें त्यांचें काय झालें असेल, अमुक प्रसंगीं तीं निराळीं वागलीं असतीं तर काय, असा विचार करतां करतां वाचकच लेखणी हातीं घेतो. अशा लेखनाला अलीकडे 'फॅन फिक्शन' म्हणतात. त्याच्या पाठोपाठ 'हें उसनें झालें, स्वतःचें कांहीं लिहा' असा उपदेशहि येतोच. हा उपदेश कितपत खरा, हें ठरविण्यास मराठी रंगभूमीची साक्ष उपयोगी पडेल.

या रंगभूमीचा प्रारंभच उसनवारीनें झाला. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, तें रामायणाच्या भांडवलावर. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' आणलें, तें कालिदासाच्या आधारानें. पण कालिदासाची शकुंतला तरी सर्वस्वीं त्याची कोठें होती? ती आदिपर्वांतली. तेथें दुष्यंत तिला ओळखूनहि नाकारतो आणि आकाशवाणीनें ग्वाही दिल्यावर स्वीकारतो. (ही आकाशवाणी आमची नव्हे, हें सांगणें नलगे.) आदिपर्वांत दुर्वासाचा शाप नाहीं, हरवलेली मुद्रिकाहि नाहीं. कालिदासाच्या नाटकांत या दोहोंमुळें राजाचा खोटेपणा जाऊन त्या जागीं विस्मृति आणि पश्चात्ताप आला. नांवें तींच राहिलीं, परंतु प्रश्न पालटला.

पुढें १८८२ सालीं किर्लोस्करांनीं 'सौभद्र' लिहिलें. आदिपर्वांत सुभद्रेचें हरण होतें. तिच्या मनांत काय होतें याचा फारसा विचार तेथें नाहीं. भागवतांत बलराम तिला दुर्योधनास देऊं पाहतो आणि अर्जुन संन्याशाच्या वेषानें येतो. किर्लोस्करांनीं हाच धागा उचलून एका लग्नघराची गोष्ट सांगितली. हट्टी थोरला भाऊ, कारस्थानी धाकटा भाऊ आणि मनांतून भलत्यालाच वरलेली बहीण हीं प्रेक्षकांच्या घरोघरीं होतीं. म्हणून यादवांचें घर त्यांना परकें वाटलें नाहीं.

उसन्या पात्रांचें खरें सामर्थ्य मात्र १९०७ सालीं दिसलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' विराटपर्वावर रचलेलें. त्यांत कोठेंहि इंग्रजाचें नांव नाहीं. परंतु कीचकांत लॉर्ड कर्झन, द्रौपदींत पीडित भारतमाता, संयमी धर्मराजांत मवाळ आणि संतप्त भीमांत जहाल पक्ष प्रेक्षकांना विनासायास दिसला. भीम कीचकास मारणार हें सर्वांना आधींच ठाऊक होतें, आणि नाटकाची धार त्या ठाऊक असण्यांतच होती. १९१० सालीं सरकारनें या नाटकाच्या प्रयोगांवर बंदी घातली. नवीं पात्रें कल्पून हेंच नाटक लिहिलें असतें, तर तें लोकांच्या मनांत इतक्या खोलवर शिरतें ना.

मग स्वतंत्र कथेची गरज काय? तिचें उत्तर गोविंद बल्लाळ देवलांनीं दिलें. कालिदास, शूद्रक, बाण आणि शेक्सपिअर यांच्या कृति मराठींत आणतांना त्यांचा हात तयार झाला. 'झुंझारराव' हें तर 'ऑथेल्लो'चेंच मराठी रूप. परंतु पैशासाठीं जरठ वराच्या गळ्यांत बांधली जाणारी मुलगी जेव्हां त्यांना दिसली, तेव्हां तिला शोभेल असें पात्र पुराणांत नव्हतें. शकुंतलेला ऋषीचा आश्रम आहे, सुभद्रेला कृष्ण आहे. कांचनभटाच्या मुलीला मात्र बापच विकावयास निघालेला. तिच्यावर पुराणांतलें नांव घातलें असतें, तर प्रेक्षकांनीं 'हें द्वापरयुगांतलें' म्हणून सुटका करून घेतली असती. १८९९ सालच्या 'शारदे'नें ती पळवाट बंद केली. भुजंगनाथाकडे बोट दाखविणें म्हणजे आपल्याच आळीकडे बोट दाखविणें होतें.

तात्पर्य, उसनें हीन आणि स्वतंत्र श्रेष्ठ, अशी वांटणी खरी नव्हे. जें सर्वांना ठाऊक आहे त्याच्या आडून कांहीं सांगावयाचें असेल, तर जुनीं पात्रें हवींत. जें कोणीं पाहूनहि पाहिलें नाहीं तें दाखवावयाचें असेल, तर नवीं. एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. व्यासांचें भांडार सर्वांना खुलें आहे. अलीकडच्या लेखकाचें तसें नाहीं. आपल्या कायद्यानें लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत राखला आहे, आणि कायदा नसता तरी सौजन्य होतेंच.

तेव्हां आवडत्या कथेच्या नादानें पहिल्या ओळी लिहिणाऱ्या मुलामुलींना कोणीं हिणवूं नये. देवलांचा हातहि आधीं दुसऱ्यांच्या कथांवरच बसला होता. त्यांना एवढेंच विचारावें: या उसन्या माणसांकडून तूं कोणती नवी गोष्ट वदवलीस? आणि ज्या दिवशीं त्यांच्याकडून ती वदवतां येणार नाहीं, त्या दिवशीं आपली शारदा स्वतः शोधण्याची तुझी तयारी आहे ना?