नदीवरचा पहारा

पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या खडवलीत भातसा नदीतले मासे ओढ्यांतून उलटे चढत थेट भातखाचरांत येतात. हेच वलगणीचे मासे. पोटात गाबोळी असते, अंडी घालायलाच ते येतात. आम्हीही हौसेने खाल्लेत, खोटं कशाला बोलायचं? पण पाण्यात विषारी औषध टाकलं, तर पुढच्या सालाचं बीजच मरतं.

हा गुन्हा आजचा नाही. १८९७च्या मत्स्य कायद्याने पाण्यात विष घालायला आणि सुरुंग लावायला बंदी केली. शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. त्या काळी दोनशे म्हणजे केवढे! डोळ्यांदेखत असं करणारा अनोळखी असेल आणि खरं नाव-पत्ता सांगत नसेल, तर त्या कायद्याने पोलीस त्याला वॉरंटाशिवाय पकडू शकतात.

शिकारीचं वेगळं. तेव्हा साहेब परवाना काढून शिकार करत. मग १९५१चा मुंबई राज्याचा आणि १९७२चा देशाचा कायदा आला. आता घोरपड मारली तरी तुरुंग.

राखण करणारा वनरक्षक म्हणजे खाकीतला पुरुष, असंच आम्ही धरून चाललो होतो. १९९४च्या महिला धोरणापासून सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के जागा मिळाल्या. आज मुली वनरक्षक होतात, हातात काठी घेऊन रानात गस्त घालतात.

तरी त्या एकट्या कुठे कुठे पुरणार? पहाटे धुणं घेऊन गेलेल्या बाईलाच मेलेले मासे आधी दिसतात. तेव्हा नदीत कुणी औषध टाकताना दिसला तर ११२, रानात फासा दिसला तर वनखात्याचा १९२६. फोन करा.