सरखेल आंग्र्यांचे आरमार आणि दर्यावरील व्यापार

केदारखेड्यासारख्या गावी नांदणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांस आरमाराच्या इतिहासाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. परंतु शेजारचे भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. तेथील रहिवाशांची दाने सांची व भारहुत येथील शिलालेखांत नमूद आहेत. आणि तेथील उत्खननात निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे थेट इटलीतील पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य विद्वानांनी दाखविले आहे. घाट उतरून परदेशी जाणाऱ्या मालाचे दर्यावर रक्षण कोणी करावे, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस परका नाही.

शिवछत्रपतींनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली व तेथेच मराठी आरमाराचा पाया घातला. त्या काळी पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून कोणाचे जहाज निर्वेध जाऊ देत नसत. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी तोच न्याय त्यांस उलट लावला. आमचे दस्तक घ्या, शुल्क भरा आणि अभय मिळवा. न घ्याल तर जहाज जप्त! इंग्रजांनी त्यांस चाचे ठरविले. आम्हांस हा शब्द मान्य नाही. मात्र शुल्काचा भार व्यापाऱ्यांस जाचत असेल, हेही उघड आहे.

या आरमाराची युक्ती पाहण्याजोगी होती. गुराबा उथळ पाण्यात चालत आणि त्यांच्या नाळेवर तोफा असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्यांस ओढून नेत व शत्रूच्या जड जहाजास पिछाडीने गाठीत, कारण तेथे त्याच्या तोफा थोड्या. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले व हात हलवीत परतले. १७२९ मध्ये कान्होजी वारले.

त्यांचे पुत्र तुळाजी पेशव्यांस जुमानीनात, हे आम्ही नाकारीत नाही. पण घरचा तंटा मिटविण्यास नानासाहेबांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला, ही चूक आम्हांस अक्षम्य वाटते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गाच्या खाडीत शिरले. एका गुराबेस लागलेली आग पसरली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. किल्ल्याच्या जमिनीकडील अंगास त्या वेळी पेशव्यांचीच फौज उभी होती.