परमहंस सभेचें बंद दार

परमहंस सभा मुंबईंत १८४९ सालीं निघाली आणि १८६० सालीं मोडली. अवघें अकरा वर्षांचें आयुष्य. परंतु एकट्यानें जें धैर्य होत नाहीं तें मंडळीच्या आधारानें कसें येतें, आणि तो आधार कोठें अपुरा पडतो, हें दोन्ही या सभेच्या वृत्तांतांत दिसतें.

त्या काळीं जातीचा बहिष्कार ही केवळ धमकी नव्हती. लग्न, श्राद्ध, प्रेताला खांदा देणें, सर्व कांहीं जातभाईंवर अवलंबून असे. १८४३ सालीं मिशनऱ्याच्या घरीं राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलास परत जातींत घेण्यासाठीं बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हां एवढ्या मान्यवर पंडितालाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मग साध्या कारकुनाची किंवा शिक्षकाची काय कथा!

सभेचे प्रमुख प्रवर्तक दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरणकार म्हणून त्यांचें नांव १८३६ पासूनच गाजत होतें. सुरतेस शिक्षक असतां दुर्गाराम मेहताजी प्रभृतींच्या साहाय्यानें त्यांनीं १८४४ सालीं मानवधर्म सभा काढली होती. मुंबईच्या सभेचें अध्यक्षपद राम बाळकृष्ण जयकर यांजकडे होतें. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, जातिभेद सोडावा, मूर्तिपूजा करूं नये, विधवांचा पुनर्विवाह व्हावा, हीं मतें सर्वांस समान होतीं. दादोबांनीं रचलेल्या मराठी प्रार्थना सभेंत म्हटल्या जात.

पण मत असणें निराळें आणि हाताला तें वळण लागणें निराळें. म्हणून नव्या सभासदास ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें लागे. आज या विधीचें हंसूं येईल. परंतु पाव खाल्ला म्हणजे धर्म बुडाला असें मानणाऱ्या घरांत वाढलेल्या तरुणाला तो तुकडा घशाखालीं उतरवितांना काय वाटलें असेल! सभोंवार बसलेल्या प्रत्येकानें तोच घांस आधीं घेतलेला होता, एवढाच त्यास दिलासा. व्याख्यानांनीं जें साधलें नसतें तें त्या एका घांसानें साधत असे.

मात्र घरीं परतल्यावर हाच गृहस्थ पूर्ववत् सोवळें नेसून पंक्तीस बसे. पुरेशी संख्या जमली कीं सर्वांनीं उघड व्हावें, असा सभेचा मनोदय होता. मुंबईबाहेरही शाखा निघाल्या, सभासद वाढले. उघड होण्याचा दिवस मात्र पुढेंच ढकलला गेला. त्यांस भेकड म्हणणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. बहिष्काराचा घाव त्यांच्याइतकाच त्यांच्या बायकामुलांवर पडणार होता, आणि त्यांना तर सभेंत स्थानच नव्हतें. सभेची खरी उणीव येथें होती.

१८६० सालीं सभासदांच्या नांवांची यादी चोरीस जाऊन बाहेर फुटली. एकच खळबळ उडाली आणि सभा विस्कटली.

पुढें ३१ मार्च १८६७ रोजीं दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें मुंबईंत प्रार्थना समाज स्थापन झाला. जुन्या सभेंतील कांहीं मंडळी त्यांत होती. या वेळीं दार उघडें ठेवण्यांत आलें, यादी लपविण्याचें कारण उरलें नाहीं. आणि जातिभेद उघडपणें मोडलाच पाहिजे, अशी अटही सभासदांस घालण्यांत आली नाहीं.