लाइट गेली तर ऑफिसचा फोन चालेल का? समजून घ्या मोठ्या ऑफिसच्या नेटवर्कचं गणित

घरातली लाइट गेली तरी जुना लँडलाइन फोन वाजायचा. त्याला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तारेतून यायची. आज मोठ्या ऑफिसांमध्ये टेबलावर बहुतेकदा आयपी फोन असतो. तो कॉम्प्युटरच्याच नेटवर्कवर चालतो, त्यामुळे नेटवर्क बंद पडलं की फोनही बंद पडतो. म्हणूनच दोन्हींचं नियोजन एकत्र करावं लागतं.

केबल किती लांब टाकता येते?

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या किंवा छतातल्या पक्क्या वायरिंगसाठी, तर १० मीटर दोन्ही टोकांच्या छोट्या केबल्ससाठी धरतात. केबल जिथून वळत जाते, ते सगळं अंतर यात मोजायचं. म्हणून मोठ्या इमारतीत साधारणपणे प्रत्येक मजल्यावर नेटवर्क रॅक ठेवतात आणि तो सर्व्हर रूमला फायबरने जोडतात.

फोनला किती स्पीड लागतो?

फारच कमी. जी.७११ या प्रचलित पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. म्हणजे एकाच वेळी १०० कॉल सुरू असले तरी ९ एमबीपीएस पुरतात. खरा प्रश्न उशिराचा आहे. आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणं सहज वाटतं. कुणी मोठी फाइल पाठवत असताना आवाज तुटू नये, यासाठी फोनला वेगळा व्हीलॅन आणि पहिलं प्राधान्य देतात.

वीज कुठून येते?

आयपी फोनला वीज बहुधा नेटवर्क स्विचमधून, डेटाच्याच केबलने मिळते. याला पीओई म्हणतात. त्यामुळे फक्त सर्व्हर रूमला यूपीएस देऊन भागत नाही. मजल्यावरचा स्विच, राउटर आणि ईपीएबीएक्स या सगळ्यांना बॅकअप हवा. यातलं एक जरी बंद पडलं, तर आग लागल्यावर टेबलावरच्या फोनवरून ११२ लागणार नाही.

दोन कनेक्शन घेतली की झालं?

नाही. दोन कंपन्यांच्या केबल्स एकाच चरातून आल्या असतील, तर जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. त्या इमारतीत वेगवेगळ्या बाजूंनी आल्या पाहिजेत.

ऑफिस सुरू होण्याआधी एकदा मेन स्विच बंद करून प्रत्येक मजल्यावरून एखाद्या मोबाइलवर फोन लावून पाहावा. चाचणीसाठी ११२ मात्र लावू नये.