समुद्र नसलेल्या गावातला समुद्र

आजचा भाग मी मुल्लानपूरहून बोलतोय. चंदीगडच्या कुशीतलं, आता 'न्यू चंदीगड' म्हणून वाढत चाललेलं हे गाव. क्रिकेटवाल्यांना स्टेडियममुळे माहीत असेल. इथून उत्तरेला बघितलं की शिवालिकच्या टेकड्या दिसतात, आणि समुद्र म्हणाल तर कुठल्याही दिशेला सरळ रेघ मारली तरी किमान हजार किलोमीटर. तरी माझ्या ताईच्या दिवाणखान्यात तीन फुटी काचेच्या पेटीत समुद्र आहे. दाजी मूळचे मालवणचे. नोकरीनं उत्तरेत आणलं, पण खारं पाणी काही सुटलं नाही.

गेल्या दिवाळीत मी आलो तेव्हा हा समुद्र बघवत नव्हता. खडकांवर बोटभर लांब हिरवे केस वाढलेले. तीन मासे मेलेले, दोन क्लाउनफिश एका कोपऱ्यात. दाजी रोज रात्री टूथब्रश घेऊन खडक घासायचे आणि आठ दिवसांत सगळं पुन्हा हिरवं. ताई म्हणाली, "अरे, एवढी सेवा यांनी माझीसुद्धा केली नाही." सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे पाण्याची तपासणी स्वच्छ येत होती. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग शेवाळ खातंय काय?

हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे, म्हणून आज त्याचा इतिहास.

सुरुवात करू लंडनमधल्या एका बाईपासून. ॲना थिन. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबेमधला मोठा धर्माधिकारी. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की इथे तिला दगडी प्रवाळ सापडले आणि ती ते बरणीत घालून लंडनला घेऊन आली. आता ते जगवायचे कसे? पंप नाही, वीज नाही. उपाय असा की घरातल्या कामवाल्या मुलीनं खिडकीशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. आज आपण ज्याला एअर पंप म्हणतो ते काम त्या मुलीचे दोन हात करत होते. ॲनाबाईंचं नाव इतिहासात आहे, त्या मुलीचं मला कुठे सापडलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं, जिवांना प्राणवायू मिळावा म्हणून. लक्षात घ्या, काचेतल्या समुद्रात शेवाळ आलं ते पाहुणा म्हणून, आमंत्रण देऊन.

त्याच सुमारास लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यावर प्रयोग करत होता. दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. मासे श्वासातून जे सोडतात ते वनस्पती घेते, वनस्पती प्राणवायू देते, हिशेब जुळला. पण जुळला नाही. झाडाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि थर खाल्ला आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यानं हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. आज ॲक्वेरियमच्या दुकानात 'क्लीनिंग क्रू' म्हणून गोगलगायी विकतात ना, त्यांची कुळकथा ही.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यामागचा प्रमुख माणूस फिलिप गॉस. त्यानं नेहमीचं मीठ आणि आणखी तीन क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवण्याची कृती छापली. दाजी आज पोत्यातलं जे मीठ बादलीत ढवळतात, त्याचं मूळ तिथे आहे. गॉसच्या पुस्तकांनी असं वेड पसरवलं की लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकातली डबकी खरवडून न्यायला लागले. त्याचाच मुलगा एडमंड पुढे मोठा लेखक झाला. आपल्या वडिलांच्या पुस्तकांमुळे ते किनारे उजाड झाले, ही खंत त्यानं लिहून ठेवली आहे. हे मी मुद्दाम सांगतोय. का, ते पुढे येईल.

आता माझा आवडता माणूस, विल्यम आल्फर्ड लॉइड. मत्स्यालयाच्या सामानाचा दुकानदार. त्याच्या लक्षात आलं की लोक पेटी खिडकीत ठेवतात, ऊन लागतं आणि सगळं हिरवं होतं. त्यानं पाण्याचे दोन भाग केले. थोडं पाणी लोकांना दिसेल अशा टाक्यांत, आणि त्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीखाली, अंधाऱ्या थंड हौदात. पंपानं ते सतत फिरत राहायचं. अंधारात शेवाळ वाढत नाही, आणि पाण्याचा साठा मोठा असला की घाण विरून जाते. हॅम्बुर्गला १८६४ मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये त्यानं अशी मत्स्यालयं उभी केली. शेवाळाशी भांडायचं नाही, पाण्याची व्यवस्था बदलायची, हे इतक्या सरळपणे त्याच्याआधी कुणी करून दाखवलं असेल असं मला वाटत नाही. आजही घरच्या टाकीखालच्या कपाटात 'संप' असतो. तो लॉइडचाच हौद, फक्त आकसलेला.

आपल्याकडे म्हणाल तर मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं, तारापोरवाला या पारशी दात्याच्या देणगीमुळे नाव पडलं. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ॲक्रिलिकचा बोगदा आला. शाळेच्या सहलीत तिथे नाक काचेला लावून उभा न राहिलेला मुंबईकर विरळा. दाजींना खाऱ्या पाण्याची बाधा झाली ती तिथेच.

पण प्रवाळ घरात जगवणं हे अगदी अलीकडचं. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. यंत्रं जवळजवळ नाहीत, समुद्रातून आणलेले सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे. त्या खडकांच्या छिद्रांत राहणारे जिवाणूच पाणी शुद्ध करतात. पुढे जर्मनीतल्या बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याला स्किमरची जोड दिली. ताक घुसळल्यासारखा फेस काढायचा आणि फेसाबरोबर घाण बाहेर, ती कुजण्याआधीच. अमेरिकेत वॉल्टर एडी यांनी तर गंमतच केली. शेवाळ नको ना, मग ते वेगळ्या तबकात, प्रखर दिव्याखाली मुद्दाम वाढवायचं आणि दर काही दिवसांनी कापून फेकायचं. शेवाळाबरोबर त्यानं शोषलेलं खतही बाहेर जातं.

आणि इथेच दाजींचं कोडं सुटलं. तपासणीत शून्य येत होतं, कारण पाण्यात पडलेला प्रत्येक कण शेवाळ लगेच गिळत होतं. फॉस्फेट पाण्यात नव्हतं, त्या हिरव्या केसांत होतं. गल्ल्यात पैसे नाहीत म्हणून दुकान चालत नाही असं कुणी म्हणेल का? रोज रात्री ब्रशनं घासलेलं शेवाळ दाजी बाहेर काढत नव्हते. ते टाकीतच सुटायचं, कुजायचं आणि पुढच्या पिकाला खत व्हायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बरं, खत येत होतं कुठून? एक, खाणं. मासे गोड दिसतात, हात सैल सुटतो. दुसरं, पाणी. इथे सोसायटीला बोअरचं पाणी. ते आरओमधून गाळून घेतलं तरी मेंब्रेन झिजलं की क्षार निसटायला लागतात. दाजींचं मेंब्रेन तीन वर्षांचं होतं. मीटर लावला तर गाळलेल्या पाण्याचा टीडीएस १४० निघाला. तो शून्याच्या जवळ असायला हवा. टाकीतून उडून जातं ते निव्वळ पाणी, आणि वरून भरलं जातं ते क्षारांसकट. महिनोन्महिने फक्त जमा, खर्च नाही. इथल्या सुखना तलावाची गोष्ट याहून वेगळी नाही. १९५८ मध्ये पावसाळी ओढ्याला बांध घालून तो केला, शिवालिकची माती पाण्याबरोबर आत येत गेली आणि तिथेच बसली. गाळ उपसायला चंदीगडच्या लोकांनी श्रमदान केलं, पाणवनस्पती अजून काढाव्या लागतात.

एक मात्र खरं, की नुसत्या खताचा हिशेब पुरत नाही. चरणारं कुणी लागतं. १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काळ्या काट्यांचे सागरी अर्चिन अचानक मरायला लागले. वर्षभरात सगळ्या कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. शेवाळ खाणारे मासे मासेमारीनं आधीच कमी झाले होते. जमैकात जिथे समुद्रतळाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, तिथे काही वर्षांत पाच टक्केसुद्धा उरला नाही, सगळीकडे शेवाळ. एवढ्या मोठ्या समुद्राची ही गत, तर तीन फुटी पेटीची काय कथा!

आता तो गॉसचा धागा. दाजींना एका दुकानदारानं सांगितलं होतं, "समुद्रातला खरा सजीव खडक आणून देतो, शेवाळ आपोआप जाईल." ली चिन एंगची युक्ती खरी, पण भारतात ती चालणार नाही. २००१ पासून आपल्या समुद्रातले सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. प्रवाळ चिकटलेला खडक उचलणं हा गुन्हा आहे. आणि दाजी कुठले? मालवणचे. सिंधुदुर्गच्या तटाखाली, १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत. लहानपणी ओहोटीला तिथे उतरलेला माणूस. ते दुकानदाराला "नको" एवढंच म्हणाले. त्यांच्या टाकीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक आहेत. जिवाणू त्यातही वस्ती करतात, वेळ जास्त लागतो इतकंच.

मग केलं काय? मेंब्रेन बदललं. खडक एकेक करून बादलीत काढून घासले, घासलेलं पाणी टाकीत परत नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, दिवा दहा तासांवरून सहावर आणला, खाणं निम्म्यावर. गोगलगायी सोडल्या. खालच्या संपमध्ये तारेच्या गुंडाळीसारखं दिसणारं शेवाळ, कीटोमॉर्फा, छोट्या दिव्याखाली वाढवलं. दुसऱ्या महिन्यात उलट तपकिरी थर आला आणि दाजींनी मला रात्री अकराला फोन केला. म्हटलं, थांबा, हात घालू नका. औषधाची बाटली त्यांनी आणून ठेवलीच होती, ती ताईनं माळ्यावर टाकली.

तो थर तीन आठवड्यांत गेला. हिरवे केस पूर्ण जायला पाच महिने लागले. मागच्या काचेवर एक पट्टा दाजींनी ठेवलाय, गोगलगायींसाठी. आज सकाळी संपमधून मूठभर कीटोमॉर्फा काढलं, ताईनं ते चांगलं धुऊन गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं.