भंगार ते भांगर

पितळेचा तांब्या तोच. तांबटाकडे तो मोडीत निघतो, जुन्या बाजारात ‘जुना माल’ ठरतो, चोर बाजारात ‘अँटिक’ होतो आणि इन्स्टाग्रामवर ‘व्हिंटेज’. मुंबईहून पुणे-कोल्हापूरमार्गे गाडीने गोव्याला जाताना वाटेतले जुने बाजार पालथे घालणाऱ्याने वस्तूंइतकंच या नावांकडेही लक्ष द्यावं.

मुंबईच्या चोर बाजाराविषयी एक कथा नेहमी सांगतात. मूळ नाव ‘शोर बाजार’, गलबल्यामुळे पडलेलं. इंग्रजांना ते नीट उच्चारता येईना म्हणून ‘चोर’ झालं. ज्या इंग्रजांनी आपल्या सोलापूरचं ‘शोलापूर’ करून ठेवलं, त्यांची जीभ ‘श’पाशी अडखळली, हे कसं पटावं? शिवाय चोर बाजार दिल्लीतही आहे. लिस्बनमध्ये मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराचं नाव ‘फेइरा दा लाद्रा’, म्हणजे शब्दशः चोरटीची जत्रा. वापरलेला माल विकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची खोड जुनी आणि सर्वदूर. तिच्यासाठी इंग्रजांना वेठीला धरायची गरज नाही.

लिस्बनचा विषय निघालाच आहे, तर ‘लिलाव’ही तिथलाच. पोर्तुगीज ‘लेइलाँव’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ पुकारा, जाहीर करणं. म्हणजे या शब्दात हातोडा नाही, ओरडणारा माणूस आहे. गंमत अशी, की हा शब्द महाराष्ट्रात घट्ट रुजला. पण १५१० ते १९६१ पोर्तुगीज सत्ता असलेल्या गोव्यात देवळातल्या फळा-नारळांचा लिलाव आजही ‘पावणी’च असतो.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो तो ‘जुना बाजार’. संस्कृत ‘जीर्ण’, प्राकृत ‘जुण्ण’, मराठी ‘जुना’. जुन्नरच्या नावातही हेच जीर्णपण सांगतात. मात्र ‘जीर्ण’ला लागलेली झीज ‘जुना’ने केव्हाच झटकली. जुनी ओळख, जुनी दारू, जुना जाणता माणूस यांत कमीपणा कुठे आहे? बाकीचे शब्द इतके उदार नाहीत. ‘रद्दी’ अरबी ‘रद्द’मधून आली, म्हणजे नाकारलेली. ‘मोड’ म्हणजे मोडलेलं भांडं किंवा दागिना. त्याला घडणावळ मिळत नाही, फक्त धातूचा भाव. आणि ‘भंगार’मध्ये तर ‘भंग’ उघडाच दिसतो.

आता आंबोलीचा घाट उतरून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरा. कोकणीत ‘भांगर’ म्हणजे चक्क सोनं! जुन्या मराठीतही ‘भांगार’ सोनंच होतं. त्याचा धागा संस्कृत ‘भृंगार’कडे जातो; अमरकोशात भृंगार म्हणजे सोन्याची झारी. ‘भंगार’शी त्याचं नातं नाही, नुसता उच्चार जवळचा. ‘भांगरभूंय’ हे गोव्यातल्या कोकणी दैनिकाचं नाव वाचून नवखा मराठी वाचक दचकतो, पण अर्थ आहे सोन्याची भूमी.

नव्या पिढीचा ‘व्हिंटेज’ आला द्राक्षमळ्यातून. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी द्राक्षांची तोडणी आहे. कुठल्या सालच्या द्राक्षांची वाइन, हे बाटलीवर लिहू लागले, तसं साल हेच मोठेपण झालं. पुढे तो मान मोटारींना आणि कपड्यांनाही मिळाला. वापरलेल्या वस्तूंच्या खरेदीला तीच पिढी म्हणते तो ‘थ्रिफ्ट’ तर ‘थ्राइव्ह’चा, भरभराटीचा सख्खा, काटकसर हा अर्थ मागाहून आला.

आपल्या बाजारातल्या बऱ्याच शब्दांनी वस्तूची मोडतोड पाहिली किंवा विकणाऱ्याचं चारित्र्य. ‘व्हिंटेज’ने वय पाहिलं आणि त्याचे पैसे लावले. म्हणून घासाघीस सुरू करण्याआधी दुकानदाराच्या तोंडचा शब्द ऐकावा. ‘मोड’ म्हणाला तर तो तांब्या तराजूत टाकेल. ‘अँटिक’ म्हणाला तर तुमच्या तोंडाकडे पाहून भाव सांगेल.